पात्याच्या बुडाशी बघा: जुने अमेरिकन घडीचे चाकू जमवताना

पहिला चाकू मी बफवर धरला आणि चार मिनिटांत त्याचं वाटोळं केलं. १९९८ साल असेल. मुंबईत बोटी मोडतात त्या दारूखाना भागात एका भंगारवाल्याच्या टोपल्यात तीन पात्यांचा काळाठिक्कर पडलेला अमेरिकन चाकू मिळाला, दीडशे रुपयांना. मी तेव्हा ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होतो. काळं लोखंड दिसलं की चकचकीत करायचं ही आमच्या हातांची खोड. जेवणाच्या सुट्टीत बफिंग व्हीलवर धरला, आरसा केला आणि ऐटीत चरईतल्या घरी आणून दाखवला. पुढे काही वर्षांनी त्या पात्याच्या बुडाशी भिंग लावलं, तर 'श्रेड' हे कंपनीचं नाव एवढंच वाचता आलं. खाली अजून एक ओळ होती हे कळत होतं, पण काय होती ते कळत नव्हतं. 'वॉल्डन', म्हणजे त्या कंपनीचं गाव, असती तर चाकू १९४६ ते १९७३ मधला. 'यू.एस.ए.' असती तर त्यानंतरचा. ती ओळ मी स्वतः पॉलिशच्या वडीबरोबर उडवून दिली होती.

म्हणून ज्याला हा नाद लावून घ्यायचाय त्याला मी आधी हेच सांगतो: चाकू हातात आला की काही करू नका. पुसू नका, घासू नका, धार लावू नका. पातं अर्धं उघडा आणि त्याच्या बुडाशी बघा. पातं मुठीत शिरतं तिथला जो चौकोनी, बिनधारेचा भाग असतो, त्याला तिकडे टँग म्हणतात. त्यावर कारखान्याचा शिक्का असतो. पात्याची धार कुणीही लावतो, मूठ कुणीही बदलतो. तो शिक्का मात्र एकदाच ठोकलेला असतो, आणि चाकूचं वय, गाव, कूळ सगळं बहुतेक वेळा तिथेच असतं.

सामान फार लागत नाही. घड्याळजीकडे असतं तसं दहा पटीचं भिंग, एक बारीक टॉर्च, धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराचे तुकडे, दात कोरायच्या काड्या आणि शिलाई मशीनचं तेल. काड्या लाकडीच घ्या. दाभण किंवा सुई घालून मळ काढायला गेलात तर शिक्क्यात नवे ओरखडे पडतात आणि पुढचा माणूस ते तुमच्या नावावर मांडतो.

शिक्का वाचण्याचा सगळ्यात सोपा धडा केस या कंपनीचा. पेनसिल्वेनियातलं ब्रॅडफर्ड हे तिचं गाव. १९४० ते १९६४ या काळात शिक्का 'केस एक्सएक्स' असा असे. १९६५ पासून त्याखाली 'यू.एस.ए.' आलं. १९७० साली त्यांनी गंमत केली: शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत गेले. १९७१ ला नऊ, १९७२ ला आठ, असं करत १९७९ ला एक. म्हणजे ठिपके मोजायचे आणि १९८० मधून वजा करायचे. सहा ठिपके, १९७४. पाढे येणाऱ्या कुठल्याही पोराला जमेल.

मला मात्र जमलं नाही. सहा ठिपक्यांचा चाकू मी १९७४ चा समजून, त्या भावाला घेतला. मित्राला दाखवला, तर तो म्हणाला, "यातला एस बघ." एस नेहमीसारखा गोलसर नव्हता, वीज चमकावी तसा बारीक आणि टोकदार होता. १९८० पासून केसने पुन्हा दहा ठिपक्यांपासून मोजणी सुरू केली आणि घोटाळा नको म्हणून एसचं वळण बदललं. म्हणजे वजाबाकी १९९० मधून करायची होती. माझा चाकू १९८४ चा निघाला. विकणाऱ्याने मला काहीच खोटं सांगितलं नव्हतं, तो तर सालाचं अवाक्षर बोलला नव्हता. साल मीच मनात धरून गेलो होतो.

केसच्या शिक्क्याच्या मागच्या बाजूला बहुधा एक आकडा असतो, तोही वाचा. ६२५४ म्हणजे काय? पहिला ६ मुठीचा: हाड किंवा हाडासारखा दिसणारा मसाला. २ म्हणजे दोन पाती. ५४ हा घाटाचा नंबर, त्या घाटाला ट्रॅपर म्हणतात. पहिला आकडा ५ असेल तर मूठ सांबरशिंगाची, ३ असेल तर पिवळ्या प्लॅस्टिकची. आता समजा चाकूवर ६२५४ आहे आणि मूठ पिवळीधमक आहे, तर कुणीतरी मूठ बदललीय. असं पकडलं की फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

बनावट शिक्क्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हा माझा धंदा होता. अक्षरांचे पंच, म्हणजे ठोकून अक्षर उमटवायचे ठसे, मी वीस वर्षं हाताने कोरले. कारखान्यात शिक्का ठोकतात तो पातं मऊ असताना. त्यानंतर पातं तापवतात, पाणी देऊन कडक करतात, मग घासाई, मग पॉलिश. त्यामुळे खऱ्या शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा किंचित बसलेल्या असतात, काठ पायाखालच्या दगडी पायरीसारखे झिजलेले. तळ मात्र भरीव आणि खोल. नंतर कुणी कडक झालेल्या पोलादावर ठोकायला गेला तर पंच सरकतो, अक्षर दुहेरी उमटतं, कडेला बुरी, म्हणजे धातूची बारीक कड, उभी राहते. नखाने हलकेच चाचपा, बुरी नखाला अडकते. ॲसिडने किंवा लेझरने काढलेलं अक्षर उथळ असतं आणि तळ खरबरीत. शिक्क्याभोवती निळसर-तपकिरी डाग दिसला तर ठोकण्यासाठी पातं पुन्हा तापवलंय असं समजा. आणखी एक सोपी खूण: पात्याला खड्डे पडलेत, मुठीला तडे गेलेत आणि शिक्का तेवढा कालचा वाटतोय, तर चाकू खाली ठेवा आणि चहा प्यायला जा.

परदेशी नावाचा चाकू हाती आला तर देशाचं नाव शोधा. १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देश लिहिणं सक्तीचं झालं. म्हणून पात्यावर 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' असेल तर तो बहुतेक त्यानंतरचा. याच कायद्याने बाहेरच्या चाकूंवर जबर जकातही बसली आणि अमेरिकेतल्या छोट्या कारखान्यांचं फावलं. त्या कारखान्यांत कसब आलं होतं ते मुख्यतः इंग्लंडमधल्या शेफील्डहून बोटीने गेलेल्या कारागिरांचं.

शिक्का झाला की अंग तपासायचं. पातं नखाच्या खाचेत धरून सावकाश उघडा. चांगली स्प्रिंग अर्ध्यावर किंवा पुरं उघडल्यावर 'टक्' करते, मिटताना पुन्हा 'टक्'. अमेरिकन मंडळी याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात. आमच्या टूलरूममध्ये चांगल्या कुलपाबद्दल म्हणायचे, बोलतं कुलूप आहे. मुकं पातं म्हणजे स्प्रिंग थकलेली किंवा आत मळ. उघडं पातं दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवा. किंचित डुगडुगलं तर चालेल, म्हातारपण आहे. मग मिटलेला चाकू टॉर्चसमोर धरा. स्प्रिंग आणि पितळी पत्रा यांच्यामधून उजेडाची रेघ दिसली तर रिव्हेट सैल झालेत किंवा कधीतरी चाकू उकललेला आहे. रिव्हेटची डोकी दोन्ही बाजूंना सारखी दिसतात का तेही बघा.

पात्याची झीज ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. धार लावून लावून पातं अरुंद होतं, टोक मागे सरकतं. त्याच नमुन्याच्या कोऱ्या चाकूचं चित्र शेजारी ठेवून तुलना करा. विकणारा 'पातं पूर्ण आहे' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा आधीचं पातं कसं होतं याची कल्पनाच नसते.

सुरुवात कशाने करावी? लोक रेमिंग्टन कंपनीच्या, मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा बिल्ला असलेल्या चाकूंचं नाव घेतात. मी म्हणेन, त्या वाटेला सध्या जाऊ नका. रेमिंग्टनने चाकू काढले १९२० ते १९४० या वीस वर्षांत, पहिला गोळीवाला १९२२ चा. १९८२ पासून त्याच नावाने, त्याच घाटाने नव्या प्रती निघू लागल्या. आता त्या प्रतीही चाळिशी ओलांडून जुन्या दिसायला लागल्यात. नवख्याने तिथे पैसे घालू नयेत.

ठाण्यात राहणाऱ्याने पहिला घ्यावा तो अमेरिकन फौजेचा. मुठीपासून पात्यापर्यंत सगळा स्टेनलेसचा, मुठीवर चौकड्यांची नक्षी आणि मधे 'यू.एस.' अशी अक्षरं. चार हत्यारं: एक पातं, एक डबा उघडायचं, एक बाटलीचं झाकण काढायचं (त्याचंच टोक स्क्रू ड्रायव्हर) आणि एक टोचा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅमिलस गावच्या कारखान्याने हे अनेक वर्षं केले आणि सगळ्यात छान म्हणजे बुडाशी साल ठोकलेलं असतं, डोकं चालवावंच लागत नाही. माझा १९६७ चा आहे. खाडीच्या हवेत पंधरा पावसाळे काढले, एक डाग नाही. दुसरा घ्यावा तो ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या इंपीरियलचा, पत्र्याची पोकळ मूठ असलेला. प्रॉव्हिडन्स हे दागिन्यांच्या कारखान्यांचं गाव, त्यामुळे पत्रा दाबून, वळवून मूठ चढवायची युक्ती तिथे सुचली यात नवल नाही. हा गरिबाचा चाकू. शौकीन त्याला नाकं मुरडतात, म्हणून स्वस्त मिळतो, आणि प्रेसकामाचा इतका नेटका नमुना मी आमच्या इस्टेटीतही कमी पाहिला.

मिळतात कुठे? दारूखान्यात पूर्वी मिळायचे, मोडायला आलेल्या बोटींच्या सामानात. आता क्वचित. चोर बाजारात 'अमेरिकन' म्हणून जे दाखवतात त्यातले दहातले नऊ बुडाशी कोरे असतात, हसून परत द्यावेत. खरा माल येतो तो घरांतून. बोटीवर नोकरी केलेले काका-मामा ठाणे-मुंबईत घरोघरी आहेत. त्यांच्या कपाटात दाढीच्या सामानाशेजारी एक चाकू हमखास पडलेला असतो. विचारायला लाजू नका, पण मागूही नका. आधी गोष्ट ऐका. नौपाड्यातल्या एका आजोबांनी मला तीन वर्षं फक्त दाखवला, चौथ्या वर्षी "हा घेऊन जा, पोरांना त्याचं काही नाही" म्हणून हातात ठेवला.

दुसरी वाट म्हणजे अमेरिकेतले नातेवाईक. माझा पुतण्या न्यू जर्सीत आहे. तिकडे शनिवारी लोक घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात, तिथे तो माझ्यासाठी फिरतो. त्याला मी एकच शिकवलंय: बुडाचा फोटो दोन बाजूंनी, तिरप्या उजेडात. समोरून फ्लॅश मारला की शिक्का आंधळा होतो.

कायद्याचं थोडक्यात, पण मन लावून वाचा. शस्त्र नियमांत परवान्याचा प्रश्न येतो तो ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांना. घडीचे चाकू त्याच्या आसपासही नसतात, ट्रॅपर मिटल्यावर सव्वाचार इंचही भरत नाही. तरी बटण दाबून फटकन उघडणारा चाकू नको म्हणजे नको, कितीही जुना आणि देखणा असो. त्यावर खुद्द अमेरिकेतही १९५८ साली केंद्राचा कायदा आला. विमानात चाकू सामानाच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत कधीच नाही. आणि घरचा चाकू घरीच ठेवायचा. ठाणे पोलीस आयुक्तालयाचे मनाई आदेश वरचेवर निघत असतात, त्यात सुरे-चाकू बाळगण्याला बंदी असते. स्टेशनवर झडती घेणाऱ्या हवालदाराला केसच्या ठिपक्यांचं कौतुक असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मुठीचं त्याहून महत्त्वाचं. सांबरशिंगाची मूठ हा अमेरिकन चाकूंचा राजेशाही थाट, आणि ते शिंग जायचं आपल्या देशातून, जंगलात गळून पडलेलं, पोत्यांनी भरून. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे शिंग बाळगणं, विकणं, विकत घेणं इथे गुन्ह्यात येतं. तिथे राजरोस विकला जाणारा चाकू इथे आणला की अडचण. म्हणून शिंगाचा चाकू आणायचा नाही. हाड चालतं, ते गाईगुरांच्या नळीचं असतं.

आता गंज. जून ते सप्टेंबर ठाण्यात भिंती घामेजतात, तिथे साध्या कार्बन पोलादाची काय कथा. पात्यावर जुनी राखाडी-निळसर छटा असते तिला हात लावायचा नाही, ती पोलादाची कातडी आहे. तांबूस, बोटाला लागणारा असेल तो गंज. तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी काडीने आणि कापडाने काढा. पॉलिश पेपर नको. खोबरेल नको, विळीला आणि अडकित्त्याला आपण लावतो तसं. ते चिकट होऊन सांध्यात बसतं. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून कपाट बंद केलंत तर दिवाळीपर्यंत पितळेला हिरवा कळंक चढलेला असेल. मी सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवतो, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या सोबत.

एका जातीला वेगळा डबा हवा. मोत्यासारखी किंवा कासवाच्या पाठीसारखी झळाळणारी जुनी मूठ अनेकदा सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकची असते. बोटाने घासून नाकाशी न्या, कापराचा वास येतो, कारण ती कापूर घालूनच बनवतात. ती मूठ म्हातारी झाली की आम्लाची वाफ सोडते आणि शेजारच्या सगळ्या चाकूंना गंज चढवते. माझ्या डब्यात असे चार गेले. बायको म्हणाली, देवघराचा वास तुझ्या डब्याला कसा? तेव्हा लक्षात आलं. आणि ती लवकर पेट घेते, समईपासून लांब ठेवा.

खंडेनवमीला मी सगळे चाकू पाटावर मांडतो. टूलरूममध्ये व्हर्नियर, मायक्रोमीटर मांडून पूजा करायचो, ती सवय. पहिल्या वर्षी हौसेने प्रत्येक पात्याला ओलं कुंकू लावलं आणि झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून घरी आलो तर तीन पात्यांवर नारिंगी ठसे, पाकळीच्या आकाराचे. एक अजून आहे, काढला नाही. आता कुंकू पाटाला लावतो.

त्याच दिवशी सोसायटीतली मंडळी बघायला येतात, आणि इतिहास सांगायचा तो असा. साल आणि कंपनी यांपासून सुरुवात केली की समोरचा जांभई देतो. काम सांगा. स्टॉकमन घाटाचा तीन पात्यांचा चाकू उघडायचा आणि विचारायचं, हे बोथट टोकाचं पातं कशाला? कुणी म्हणतं लोण्याला. मग सांगायचं, त्याला स्पे म्हणतात, गुरं खच्ची करायला. आपल्याकडे बैल बडवतात, तिकडचा गुराखी खिशातून हे काढायचा. टोक बोथट का? जनावर हललं तर नको तिथे घुसू नये म्हणून. शेजारचं सरळ धारेचं पातं मेंढीच्या खुराच्या घाटाचं, त्याला शीपफूट म्हणतात. एवढं झालं की मग साल सांगा, लोक विचारतातच. मुलांच्या हातात चाकू मिटलेला द्यायचा, पातं मी उघडणार, आणि सगळे गेल्यावर प्रत्येक पातं पुसायचं, कारण ऑक्टोबरच्या घामाचा अंगठा पोलादावर उमटतो.

यासाठी वही ठेवा. माझी खाकी कव्हरची लांबट वही आहे, प्रत्येक चाकूला एक पान. डावीकडे 'दिसतं ते': शिक्क्याची अक्षरं जशीच्या तशी, लांबी, मुठीचा माल, कुठे केव्हा कितीला मिळाला. उजवीकडे 'ऐकलं ते': देणाऱ्याची गोष्ट. "माझ्या वडिलांना एका अमेरिकन सोल्जरने दिला" हे उजवीकडेच. मी एका चाकूबद्दल असंच ऐकलं होतं, दुसऱ्या महायुद्धातला म्हणून. डावीकडे शिक्का उतरवला तर ठिपक्यांनी १९७७ सांगितलं. गोष्ट मी खोडली नाही. देणाऱ्या आजोबांनी ती मनापासून सांगितली होती.

लोकांना सांगताना मी हमखास जिथे रेंगाळतो ते श्रेडचं पान. १९०४ साली न्यूयॉर्क राज्यात वॉल्डन गावात सुरू झालेला कारखाना, पुढे एलनव्हिल गावी गेला. 'ओल्ड टायमर' नावाचे तपकिरी मुठीचे चाकू अमेरिकेतल्या घराघरांत गेले. २००४ च्या जुलैत कारखाना बंद पडला. नाव विकलं गेलं, आता तेच नाव चीनमध्ये बनलेल्या चाकूंवर येतं. तीन वर्षांनी, २००७ ला, कॅमिलसही गेला. ठाण्यातल्या पोखरण रोडवर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, त्यांचे टॉवर कुठल्या बंद कारखान्यांवर उभे आहेत ते त्यांना ठाऊक आहे. आमची कंपनी बंद झाली तेव्हा मी कोरलेले पंच भंगारात किलोवर गेले.

मी बफवर मारलेला तो चाकू अजून डब्यात आहे. त्याच्या पानावर डावीकडे 'श्रेड' आणि पुढे रिकामी रेघ.

पुतण्याकडे एक ५२५४ पडून आहे, सांबरशिंगाचा. मी आणू दिला नाही. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर तो उघडून दाखवतो आणि मी म्हणतो, कान लाव, बोलतोय का. तिकडे शनिवारची रात्र असते, त्याची बायको झोपलेली असते, म्हणून तो फोन अगदी स्प्रिंगेजवळ नेतो.